माझ्या यंत्राचं सीमोल्लंघन

माझं दावं प्लास्टिकचं होतं. एक टोक माझ्या नाकाशी, दुसरं पलंगाशेजारच्या यंत्रात. पुरवून पुरवून वापरलं तर न्हाणीघरापर्यंत जाता यायचं, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सुनेच्या फोडणीला नावं ठेवता यायची, पुढच्या खोलीच्या खिडकीतून रस्ताही दिसायचा. उंबऱ्याच्या अलीकडे मात्र नळी ताणली जायची आणि कान ओढायची. संक्रांतीपासून मी बेंगळुरातल्या के. आर. पुरमच्या आमच्या घरात सगळीकडे होते आणि घराबाहेर कुठेही नव्हते.

यंत्र मुलानं, सुनीलकुमारनं, मस्कतहून पाठवलेलं. बुटक्या कपाटाएवढं, खाली चाकं, पोटात मोटर. खोलीतलीच हवा ओढून घ्यायची, तिच्यातला ऑक्सिजन वेगळा काढायचा आणि नळीतून मला द्यायचा. सिलिंडर भरून आणायची कटकट नाही, फक्त वीज हवी. चाकं बघून सुनीलला वाटलं, आई आता फिरेल. चाकं फिरतात रे बाबा, पण भिंतीतला प्लग कुठे फिरतो? खांद्याला अडकवून बाजारात नेता येईल असं यंत्र कुणी बनवल्याचं शहाण्णव साली तरी आमच्या कानावर आलेलं नव्हतं.

मी जन्मात विडी ओढली नाही. तरी फुप्फुसं गेली. डॉक्टर सुधींद्रांनी छातीचा फोटो उजेडाला धरून विचारलं होतं, ‘‘घरात धूर असायचा का?’’ मी म्हटलं, ‘‘घरात भुशाची शेगडी आणि दारात जनरेटर. तुम्हीच सांगा.’’ ते हसले. मग म्हणाले, ‘‘नळी लावून चाला. रोज चाला. बसून राहिलात तर पायही जातील.’’ हे वाक्य घरातल्या सगळ्यांनी ऐकलं आणि सोयीस्करपणे विसरून गेले.

जनरेटर दारात असायचा, कारण तोच आमचा धंदा. माझे यजमान हणमंतराव मिरवणुकांना वीज पुरवतात. लग्नाची वरात असो, गणपती असो, कन्नड राज्योत्सव असो, हातगाडीवर जनरेटर, त्यापासून पुढे लांबच लांब वायर आणि त्या वायरीवर डोक्यावर ट्यूबलाइट घेतलेली माणसं. जिथे खांब नाही तिथे उजेड न्यायचा, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. हेब्बाळपासून आनेकलपर्यंतच्या नवरदेवांना यांनी वीज पोचवली. बायकोला मात्र उंबऱ्यापर्यंतच.

श्रावणात मी एकदा बोलून बघितलं. ‘‘अहो, तुमच्या गाडीवर माझं यंत्र ठेवा आणि मला एकदा तळ्यापर्यंत नेऊन आणा.’’

‘‘जनरेटरची वीज खालीवर होते. नाजूक यंत्र आहे ते.’’

‘‘मग स्टॅबिलायझर लावा. ऑर्केस्ट्रावाल्यांना लावता ना?’’

‘‘बघू,’’ म्हणाले. आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे नाही. खरं कारण मला ठाऊक होतं. गल्लीत कुणीतरी उठवलं होतं की हणमंतण्णांच्या घरात टीबी आहे. नाकात नळी घालून मी रस्त्यावर गेले की चार माणसं विचारणार आणि यांना उत्तर द्यावं लागणार. मला दम लागतो त्याचं यांना दुःख होतं, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त लाज वाटत होती. या लाजेनं मला जेवढं चिडवलं तेवढं आजारानं कधी चिडवलं नाही.

तर खंडेनवमी आली. बेंगळुरात या दिवसाला आयुधपूजा म्हणतात आणि तो इथला खरा सण. बस, लॉरी, शिवणयंत्र, गिरणी, सगळ्यांना कुंकू लागतं, हार पडतो, लिंबू फुटतं. यजमान यंत्रांच्या बाबतीत देवभोळे. त्या दिवशी ते घरातलं आणि दुकानातलं यच्चयावत यंत्र बंद करतात, पुसतात, पूजा करतात आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत कशाला हात लावू देत नाहीत. ‘‘वर्षभर राबतात, एक दिवस निजू दे त्यांना,’’ म्हणतात. गेल्या वर्षी मिक्सर निजला होता म्हणून मी पाट्यावर चटणी वाटली.

मी दुपारची जरा पडले होते. जाग आली ती छातीवर कुणीतरी बसलंय अशा भावनेनं. आधी वाटलं, स्वप्न. मग लक्षात आलं की खोलीत आवाज नाही. ते यंत्र रात्रंदिवस धापा टाकतं. त्याचा आवाज नसला तर काय वाटतं ते मला त्या दिवशी कळलं. भीती वाटली. डोळे उघडले तर समोर हा सोहळा: यंत्राच्या कपाळावर हळदकुंकू आणि विभूतीचे तीन पट्टे, मागच्या जाळीवर, जिथून ते हवा घेतं तिथे, झेंडूचा जाडजूड हार कोंबलेला, आणि यजमान सोवळं नेसून, डोळे मिटून, माझ्या नळीपासून हातभर अंतरावर कापराची आरती ओवाळताहेत. बटण बंद.

ऑक्सिजनजवळ आग नेऊ नये, हे यंत्राबरोबर आलेल्या माणसानं तीनदा सांगितलं होतं. यांना वाटलं असणार, बंद आहे, मग काय होतंय. मला बोलायला हवा नव्हती. पाटावर पंचपात्रात पाणी होतं. ते मी उचललं आणि सगळं आरतीवर ओतलं. चर्र झालं. यजमानांनी डोळे उघडले.

‘‘अगं, अगं, देवाची आरती...’’

मी बटणाकडे बोट दाखवलं. त्यांनी घाईनं दाबलं. यंत्र सुरू झालं आणि लगेच चिरकायला लागलं, कारण नाकातोंडात झेंडू. शिकवते त्या शाळेतली पूजा उरकून नुकतीच आलेली सून, रूपश्री, पर्स टाकून धावली आणि तिनं हार ओढून काढला. मग कुठे नळीतून थंड झुळूक आली. मी पाच-दहा श्वास नुसते मोजल्यासारखे घेतले. यजमान ओल्या आरतीकडे बघत उभे होते.

‘‘दोनच मिनिटांसाठी केलं होतं,’’ ते म्हणाले. ‘‘तू झोपलीच होतीस. पूजेशिवाय कसं ठेवायचं? सगळ्यांची झाली, याची नाही केली तर वाईट दिसतं.’’

‘‘कुणाला?’’

‘‘यंत्राला,’’ ते म्हणाले, आणि त्यांनी ते अगदी मनापासून म्हटलं.

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं माहेरी म्हणायचे. आता तिथे नळी होती, पण रागाला जागा कमी पडली नाही. मी तोंडाचा पट्टा सोडला, तो जेवढा दम होता तेवढा वेळ. जिवंत माणसाचा श्वास बंद करून त्याची पूजा करणारा नवरा साऱ्या मुलखात मलाच मिळाला, असंही म्हणाले. आणि बोलता बोलता माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. मी थांबले.

‘‘अहो, पूजा पूर्ण झाली का याची?’’

‘‘आरती सोडून झाली.’’

‘‘हळदकुंकू लागलं, हार पडला. म्हणजे झाली. आता तुमचा नियम काय आहे?’’

रूपश्री माझ्याकडे बघायला लागली. नियम त्या घरात सगळ्यांना पाठ होता, कारण दरवर्षी त्यापायी आम्ही हसत होतो. नवमीला ज्या यंत्राची पूजा झाली ते दसऱ्याला घराबाहेर निघालंच पाहिजे. देवीच्या पालखीबरोबर शीव ओलांडून आलंच पाहिजे. नाहीतर ते वर्षभर रुसतं. म्हणून यजमान बंद पडलेला जुना ॲम्प्लिफायरसुद्धा दरवर्षी गाडीवर घालून तळ्यापर्यंत नेऊन आणायचे. मागे एकदा इस्त्री नेली होती.

‘‘हे यंत्र रुसलं,’’ मी म्हणाले, ‘‘तर कसं होईल?’’

‘‘यंत्र नेतो हवं तर,’’ ते चाचरत म्हणाले. ‘‘स्वल्प वेळ. तू...’’

‘‘मी त्याला बांधलेली आहे,’’ मी म्हणाले. ‘‘ते निघालं की मी निघाले.’’

रात्री ते जेवले नाहीत. मी पोटभर जेवले.

दसऱ्याला दुपारी आमच्या गल्लीच्या टोकाच्या अंबाभवानीच्या देवळातून पालखी निघते. इथल्या मराठी घरांचं ते छोटंसं देऊळ. आमच्यापैकी कुणाच्या पणजोबांनी बांधलं. पालखी तळ्याच्या बांधावर जाते. तिथे गावची शीव, शिवेपलीकडे बन्नीचं, म्हणजे शमीचं, झाड. शिवेशी आरती होते, मग पलीकडे जाऊन पानं तोडतात, एकमेकांना सोनं म्हणून देतात आणि परततात. लग्न होऊन आल्यापासून मी एकही दसरा चुकवलेला नव्हता. बाळंतीण असतानासुद्धा सुनीलला पदराखाली घेऊन गेले होते. आता या वर्षी मी खिडकीतून टाटा करायचा होता.

यजमान सकाळपासून कामाला लागले. बोलत नव्हते, पण हात चालत होते. एकदा काम म्हणून अंगावर घेतलं की ते माणूस राहत नाहीत, मिस्त्री होतात. त्यांनी भाजीवाल्याची रिकामी हातगाडी आणली, तिच्यावर गोणपाट अंथरलं आणि यंत्र दोरीनं आवळून बसवलं. शेजारी स्टॅबिलायझर. त्यातल्या काट्याकडे बघत त्यांनी जनरेटर सुरू केला, बंद केला, पुन्हा सुरू केला. मग माझ्यासाठी गाडीवर एक स्टूल बांधलं.

‘‘मी चालणार,’’ मी म्हणाले.

‘‘दमलीस तर बस. नाहीतर नको बसू.’’

मग त्यांनी गाडी जनरेटरच्या गाडीशेजारी लावून बघितली, आणि थांबले. जनरेटरनं काळा धूर सोडला, तो थेट माझ्या यंत्राच्या जाळीवर. तिथून आत, तिथून नळीत, तिथून माझ्या छातीत. त्यांनी हातानं धूर वारल्यासारखं केलं, मग गाडी चार हात पुढे घेतली, मग आणखी पुढे.

‘‘हे इथे नाही चालणार,’’ ते म्हणाले. ‘‘वायर पूर्ण सोडायची. जनरेटर सगळ्यात मागे आणि तू सगळ्यात पुढे. पालखीच्या पाठीशी.’’

मला हसू आलं आणि त्याच वेळी मनस्वी रागही आला. पालखीच्या पाठीशी पुरुष चालतात. बायका शेवटी, जनरेटरच्या पुढ्यात. का, तर तशी रीत. म्हणजे यांच्या यंत्राचा धूर नाजूक यंत्राला चालत नव्हता, आणि आम्ही बायका इतकी वर्षं तोच धूर खात देवीमागून चालत होतो. कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. माझ्याही आलं नव्हतं.

पुढचं अर्धं-पाऊण मिनिट अवघड होतं. जनरेटर सुरू झाला, वायर दारात आली, भिंतीतला प्लग काढला. शांतता. रूपश्रीनं माझा हात घट्ट धरला. मग गाडीवरचा प्लग बसला, यंत्रानं धाप टाकली आणि मी उंबरा ओलांडला. रस्त्यावर ऊन होतं, शेजारच्या हयवदन आचाऱ्यांच्या बंबाचा वास होता, स्कूटरींच्या चाकांखाली चिरडलेली लिंबं होती. मला इतका आनंद झाला की मी तिथेच उभी राहून गल्लीकडे बघत राहिले. यजमान म्हणाले, ‘‘चल.’’ मी म्हणाले, ‘‘थांबा जरा. बघू दे.’’

देवळाशी विश्वासराव उभे होते. देवळाचा कारभार तेच बघतात, रेशमी उपरणं घालून. माणूस वाईट नाही, पण देवीनं आपल्याला मुखत्यारपत्र दिलंय अशी त्यांची समजूत आहे. त्यांनी गाडी बघितली, नळी बघितली आणि यजमानांना बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे माझ्यापासून तीन पावलांवर.

‘‘हणमंतण्णा, देवीच्या लायनीवर हे काय जोडलंय?’’

‘‘यंत्र आहे.’’

‘‘ते दिसतंय. जनरेटरची पहिली वीज देवीची. इतकी वर्षं तुम्हीच सांगत आलात.’’

यजमान खाली बघायला लागले. हीच ती लाज. मी पुढे झाले.

‘‘विश्वासराव, काल याची पूजा झाली. आज ते शीव ओलांडणार. तुमची स्कूटर ओलांडते, माझं यंत्र का नाही?’’

‘‘तसं नाही अक्का. तुमच्या तब्येतीसाठीच म्हणतो. तुम्ही आरामात घरी बसा. बन्नी आम्ही आणून देऊ की घरपोच.’’

‘‘घरपोच सीमोल्लंघन मला बेडा,’’ मी म्हणाले. ‘‘नको.’’

त्यांनी आवाज उतरवला. ‘‘चार लोक विचारतात हो. हे लागट तर नाही ना?’’

‘‘लागट असतं तर आधी यांना लागलं असतं. आणि लागट काय आहे ते शेवटी चालणाऱ्या बायकांना विचारा.’’

मग मी बायकांकडे वळले. त्या दहाबारा जणी ताटं घेऊन उभ्या होत्या आणि कान टवकारून ऐकत होत्या. माझ्याकडे लांब बोलायला दम नव्हता, म्हणून थोडक्यात सांगितलं. ‘‘यंत्राला धूर चालत नाही म्हणून मी पुढे चाललेय. तुम्हाला चालत असेल तर मागे राहा.’’

मग रूपश्री माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिच्यामागून वासंती आली, खुद्द विश्वासरावांची बायको. ती आयुष्यात मोठ्यानं बोललेली मी ऐकली नव्हती. ‘‘माझी पण साडी दरवर्षी काळी होते,’’ ती म्हणाली. मग सगळ्याच आल्या. विश्वासरावांनी बायकोकडे बघितलं, बायकोनं पालखीकडे बघितलं. ‘‘सरी, सरी, बरं,’’ ते म्हणाले, ‘‘उशीर होतोय, उचला.’’

तर अशी निघाली त्या वर्षीची पालखी. सगळ्यांपुढे पेटती दिवटी घेतलेला देवळाचा खंडोजी. त्याला मी बजावलं होतं की काही झालं तरी मागे वळून माझ्याजवळ यायचं नाही. मग पालखी, मग माझी गाडी आणि बायका, मग पुरुष, मग ट्यूबलाइटवाले, आणि पार शेवटी तो काळा धूर. पुरुष खोकत होते. मला दया आली नाही.

मी चालले. गाडीचा काठ धरून, थोडं चालून, थांबून, पुन्हा चालले. जुन्या मद्रास रोडच्या कडेला बस थांबली आणि खिडक्यांतून माणसं बघायला लागली. एका बाईनं हात जोडले; पालखीला की मला, कळलं नाही. एका माणसानं कानडीत विचारलं, अक्का, हे काय? मी म्हणाले, ‘‘उसिरु.’’ श्वास. तो ‘अस्सं का’ म्हणून मान हलवून निघून गेला. एवढंच. ज्या प्रश्नाला यजमान इतके महिने घाबरत होते तो एका शब्दात संपला. मी मागे वळून त्यांना हाक मारून सांगणार होते, पण ते जनरेटरपाशी होते आणि आवाज पोचला नसता.

बांधाच्या चढावर मात्र मी स्टुलावर बसले. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. रूपश्री म्हणाली, ‘‘आई, इथूनच परत जाऊ या का?’’ मी मान हलवली. तिनं पुन्हा विचारलं नाही, गाडी ढकलायला लागली. वासंती दुसऱ्या बाजूनं ढकलायला लागली.

शिवेशी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. शीव म्हणजे एक दगड, त्याला शेंदूर. झाड त्याच्या पलीकडे थोड्याच अंतरावर. पालखी दगडाअलीकडे टेकवली. आधी आरती, मग ओलांडायचं. तिथे विश्वासरावांनी यंदा नवीन थाट केला होता: झाडापुढे रंगीत दिव्यांची कमान, आणि आरतीची कॅसेट काढायला व्हिडिओवाला, त्याचा भला मोठा दिवा. हे सगळं आमच्याच जनरेटरवर. यजमानांना त्यांनी आधी सांगितलंच नव्हतं.

कमान लागली, सगळे ‘वा’ म्हणाले. मग व्हिडिओवाल्यानं आपला दिवा लावला. मागे जनरेटर घरघरला, ट्यूबलाइट पिवळ्या पडल्या आणि माझं यंत्र चिरकायला लागलं. नळीतली झुळूक आटत गेली. मला ते आधी छातीत कळलं, मग कानांत.

यजमान मागून पळत आले. साठीचा माणूस, धोतर सावरत. हातगाडीला लावलेल्या लाकडी बोर्डाशी येऊन त्यांनी स्टॅबिलायझरचा काटा बघितला. ‘‘भार जास्त झाला,’’ ते म्हणाले. ‘‘काहीतरी काढावं लागेल.’’

‘‘व्हिडिओचा दिवा बंद करायला सांगते,’’ रूपश्री म्हणाली.

तो बंद झाला. तरी काटा चढेना. कमानच भारी होती, आणि एकदा दबलेला जनरेटर आता तिलाही पुरेना. बोर्डावर दोन फ्यूज होते. एक देवीच्या दिव्यांचा, एक माझा.

विश्वासराव आले. ‘‘हणमंतण्णा, देवीपुढे अंधार करू नका. दोन मिनिटं अक्कांचं बंद करा. आरतीपुरतं. दोन मिनिटांनी काय होतंय?’’

मी बोलू शकत नव्हते. दोन मिनिटांनी काय होतं ते काल मी आणि माझ्या यजमानांनी बघितलं होतं. मी फक्त त्यांच्याकडे बघत होते. तीस वर्षांत त्यांच्या हातून कुठल्याही आरतीला दिवा गेलेला नव्हता. यावर ते लग्नाकार्यात तासतास बोलायचे. पंचक्रोशीत त्यांची हीच एक ओळख. त्यांचा हात बोर्डावर होता आणि तो हलत नव्हता. मला वाटलं, हे ‘बघू’ म्हणणार. खरं सांगते, त्या क्षणी मला मरणापेक्षा त्या ‘बघू’ची जास्त भीती वाटली.

त्यांनी देवीचा फ्यूज ओढून काढला.

कमान गेली, ट्यूबलाइट गेल्या, बांधावर एकदम संध्याकाळ झाली. यंत्र चिरकायचं थांबलं आणि धाप टाकायला लागलं. गर्दीतून ‘अरे, अरे’ झालं. विश्वासराव म्हणाले, ‘‘हे काय केलंत? देवीपुढचा दिवा घालवलात?’’

यजमानांनी फ्यूज खिशात टाकला. ‘‘देवीपुढे खंडोजीची दिवटी आहे,’’ ते म्हणाले. ‘‘हिच्यापुढे दुसरं काही नाही. आणि कुणाला विचारायचं असेल तर विचारा मला. ही माझी बायको आहे. तिला श्वासाचा आजार आहे. टीबी नाही. असता तरी हाच फ्यूज काढला असता.’’

ते एवढं सलग बोलल्याचं मला आठवत नाही, लग्नातसुद्धा नाही. मग वासंतीनं आरती सुरू केली. तिचा आवाज बारीक, पण सुरात होता. बाकीच्या बायकांनी उचलला आणि मग नाइलाजानं पुरुषांनीही. मला गाता येत नव्हतं, मी टाळ्या वाजवल्या. रडूही येत होतं, पण रडायला दम फार लागतो म्हणून आवरलं.

आरती झाल्यावर पालखी शिवेपलीकडे गेली. मागोमाग गाडी. दगडाशी चाक अडलं. यजमानांनी आणि रूपश्रीनं ते उचलून पलीकडे ठेवलं आणि मी दगडाच्या पलीकडे पाय टाकला. पानं मी माझ्या हातानं तोडली. खालचीच मिळाली, अर्धी किडकी, पण मी तोडली.

सोनं द्यायला विश्वासराव आले. मी त्यांच्यापेक्षा मोठी, वाकणं त्यांना भाग होतं. पान माझ्या हातात ठेवताना ते दुसरीकडे बघत होते. मी हात सोडला नाही.

‘‘इकडे बघा की,’’ मी म्हणाले. ‘‘नळी आहे, साप नाही.’’

त्यांनी बघितलं. जरा वेळ बघितलं. ‘‘त्रास होतो का अक्का हिचा?’’ त्यांनी विचारलं.

‘‘कानामागे टोचते,’’ मी म्हणाले.

ते ‘हूं’ म्हणाले आणि वाकले. मग ओळीनं सगळे आले. वासंतीनं माझ्या ओच्यात पानांची ओंजळच टाकली. शेवटी यजमान आले. नवऱ्यानं बायकोला सोनं देऊन पुढे काय करायचं, याची रीत त्यांना ठाऊक नसावी. पान देऊन ते नुसते उभे राहिले, डिझेलचे काळे हात धोतराला पुसत.

लोक परतायला लागले. खंडोजीची दिवटी बांधावरून खाली उतरली. आमच्या मागे गाव होतं, पुढे तळ्याच्या कडेनं गेलेला कच्चा रस्ता आणि त्याच्याही पुढे रागीची शेतं. तिकडे मी कधी गेलेच नव्हते. शीव ओलांडायची ती परतण्यासाठी, एवढंच आम्हाला शिकवलेलं.

‘‘चल आता घरी,’’ यजमान म्हणाले. ‘‘दमलीस.’’

‘‘डिझेल किती आहे?’’

‘‘टाकी अर्धी आहे. का?’’

‘‘मग गाडी पुढे घ्या,’’ मी म्हणाले.

त्यांनी गावाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग मागच्या माणसाला हाक मारून जनरेटर तसाच अंतर राखून मागून आणायला सांगितलं, वायर खांद्यावर घेतली आणि आम्ही शेतांकडे निघालो.